जप्त झालेले किल्लीयंत्र

मित्रांनो, घरात माणसे चार असतात आणि किल्ली एकच असते, तेव्हा तुम्ही माझ्याकडे येता. मी एक जुने किल्लीयंत्र आहे. मंडईच्या मागच्या अंगाला एक दुमजली इमारत आहे. तिच्या जिन्याखालच्या चिंचोळ्या टपरीत, लाकडी फळीवर मला बोल्ट आवळून बसवले आहे. माझ्या डाव्या पकडीत तुमची किल्ली बसते आणि उजव्या पकडीत कोरी. एक बोथट काटा तुमच्या किल्लीच्या दात्यांवरून सरकतो आणि त्याच्या जोडीने माझे पोलादी चाक कोऱ्या किल्लीत तसेच दाते कापत जाते. त्या वेळी माझा आवाज फार कर्कश होतो. लहान मुले कानांवर हात ठेवतात आणि तरी बघायला पुढे सरकतात. मला ते आवडते.

माझा जन्म एका कारखान्यात ओतीव लोखंडातून झाला. अंगावर गर्द हिरवा रंग होता. किल्लीवाले काका मला घेऊन आले तेव्हा त्यांचे लग्न नुकतेच झाले होते. त्या आधी ते रस्त्याच्या कडेला पथारी मांडून कानशीने किल्ल्या घासत. पहिल्या दिवशी काकूंनी माझ्यावर आच्छादन म्हणून स्वतःच्या जुन्या चादरीचा तुकडा शिवून दिला. पुढे संसाराचे सगळे माझ्याच जोरावर चालले. मुलगी झाली, शाळेत गेली, रुग्णसेविकेचे शिक्षण घेऊ लागली. काकांच्या हातची किल्ली कुलपात घातली की दुसऱ्यांदा घासावी लागत नाही, असे मंडईत सगळे म्हणत. शेजारी घड्याळे दुरुस्त करणारे नाना बसत. ते गिऱ्हाइकांना सांगत, "आमच्या काकांची किल्ली आणि माझं घड्याळ, दोन्ही वेळेवर चालतात. उशीर होतो तो फक्त आमच्या जेवणाला."

काकांची एक सवय होती. किल्ली हातात घेतली की ते विचारत, "कुठल्या दाराची?" त्यात संशय नसे. बोलायला एक निमित्त असे. माणूस सांगे, मागच्या दाराची, दुकानाच्या शटरची, आईच्या कपाटाची. त्यातून चार शब्द होत आणि तोवर माझे काम उरकत असे.

एका दुपारी एक तरुण आला. अंगावर स्वच्छ सदरा, खांद्यावर दोनेक वर्षांची मुलगी. मुलगी गाढ झोपली होती. तिच्या तोंडातून लाळ गळून सदऱ्यावर ओला डाग पडला होता. तरुणाने एक पितळी किल्ली पुढे केली आणि हळूच म्हणाला, "अशीच एक पाहिजे होती."

काकांनी आधी मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझा आवाज त्यांना ठाऊक होता. "हळू बोल, उठेल ती," ते कुजबुजले. "तू असं कर, तिला घेऊन जरा त्या पानवाल्यापर्यंत जा. मी पटकन उरकतो." त्या दिवशी त्यांनी मला कधी नव्हे इतक्या घाईने चालवले. मुलगी जागी झाली नाही. तरुण किल्ली घेऊन गेला. काकांनी त्याला काही विचारले नाही.

पुढच्या आठवड्यात पोलिसांची जीप मंडईच्या तोंडाशी थांबली. दातांच्या एका डॉक्टरांच्या घरी चोरी झाली होती. कुलूप तोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते. डॉक्टरांच्या आईचे दागिने गेले होते. डॉक्टरांनी कामावरून काढलेला ड्रायव्हर सापडला होता. तोच तो तरुण. त्याने पोलिसांना सांगितले होते, "किल्ली मंडईतल्या किल्लीवाल्याने करून दिली. त्याला सगळं माहीत होतं."

काका स्टुलावरून उठले. "साहेब, मी रोज किल्ल्या करतो. मला काय माहीत कोण कुठलं दार उघडतो?"

"ते ठाण्यात सांगा," साहेब म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. दोन शिपायांनी माझे बोल्ट सोडवले. नाना आणि पानवाला पंच म्हणून उभे राहिले. नानांनी सही करण्याआधी चष्मा दोनदा पुसला. माझ्या अंगावर एक चिठ्ठी बांधून लाखेची मोहोर ठोकली. मी आता यंत्र राहिले नव्हते. मी मुद्देमाल झाले होते, म्हणजे खटल्यात पुरावा म्हणून ठेवलेली वस्तू.

मुद्देमालाच्या खोलीत उजेड येत नसे. माझ्या एका बाजूला चेपलेली मोटारसायकल होती आणि दुसऱ्या बाजूला कुणाची तरी गॅसची शेगडी. भिंतीपलीकडे काकांना बसवले होते. त्यांचा आवाज मला ऐकू येई, पण ओळखू येत नसे, इतका तो बारीक झाला होता. "एवढं कबूल करून टाका, सुटाल," असे कुणीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला वाटे, आता काका हो म्हणतील. माझ्या लोखंडात भीती कुठून शिरली मला माहीत नाही, पण ती शिरली. मग एके सकाळी एका बाईंचा ठणठणीत आवाज आला. "यांना वकील हवा असं त्यांनी सांगितलंय ना? मग मी आले आहे. आता जे विचारायचं ते माझ्यासमोर विचारा." त्या गरिबांना फुकट वकील देणाऱ्या सरकारी मदत केंद्रातल्या वकीलबाई होत्या. त्या दिवशी भिंतीपलीकडचा आवाज थोडा मोठा झाला.

काकांना जामीन मिळाला. काही दिवसांनी त्यांनी हमीपत्रावर सही करून मलाही सोडवून आणले. मला विकायचे नाही, माझ्यात काही बदल करायचा नाही, न्यायालय म्हणेल तेव्हा मला हजर करायचे, अशी अट होती. माझ्या चाकाची धार तोवर गेली होती, पण चाक बदलणे म्हणजे पुराव्यात बदल करणे. त्यामुळे मी कापलेली किल्ली काकांना पुन्हा कानशीने घासावी लागे. तरी ती कधी अडे.

पण अडलेल्या किल्लीची तक्रार घेऊन येणार कोण? गिऱ्हाईकच येईना. जी बाई वर्षानुवर्षे आपल्या भाडेकरूंच्या किल्ल्या काकांकडून करून घेई, ती टपरी दिसताच रस्ता ओलांडे. एक गृहस्थ आले. किल्ली कापून होईपर्यंत ते काकांच्या दोन्ही हातांवर नजर रोखून उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "दोनच केल्यात ना? जादा नाही ना?" काकांनी मान हलवली. ते गेल्यावर काका बराच वेळ माझ्यावरचा पितळेचा कीस ब्रशने झाडत राहिले. कीस केव्हाच संपला होता.

एका दुपारी वकीलबाई टपरीत आल्या. हेल्मेट काखेत धरून त्या स्टुलावर बसल्या. काकू डबा घेऊन आलेल्या होत्या. काकूंचा धाकटा भाऊही होता. काकांनी मनात साठवून ठेवलेले सगळे विचारायला सुरुवात केली.

"बाई, खरं सांगा. मी आता गुन्हेगार झालो का?"

"नाही काका. तुम्ही आरोपी आहात. म्हणजे तुमच्यावर आरोप आहे. गुन्हेगार कोण ते न्यायालय ठरवतं."

"पण लोकांनी तर ठरवलंसुद्धा."

"लोकांचं न्यायालय फार लवकर निकाल देतं," वकीलबाई म्हणाल्या. "आणि तिथे मला उभं राहू देत नाहीत."

"मग जामीन मिळाला तो? त्याचा अर्थ सुटलो असा नाही?"

"खटला चालेपर्यंत घरी राहा, बोलावलं की या, एवढाच त्याचा अर्थ." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आज मी वेगळ्याच कामाला आले. सरकारी वकील आरोप सौम्य करायला तयार आहेत. तुम्ही गुन्हा कबूल केलात तर तुरुंग नाही. दंड आणि समज. पुढच्या तारखेलाच संपेल."

काकूंच्या भावाने मांडीवर थाप मारली. "मग अडलंय कुठे? उभं राहायचं, हो म्हणायचं, दंड भरायचा आणि येताना भाजी घेऊन घरी यायचं!"

"दंड भरला की तारखा संपतात," वकीलबाई म्हणाल्या. "पण दोषी ठरल्याची नोंद संपत नाही. मंडईच्या कार्यालयाचा नियम वाचलाय मी. दोषी ठरलेल्या माणसाला टपरीचा परवाना देत नाहीत. शिवाय पुढे कुठेही विचारलं, तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का, तर तुम्हाला हो म्हणावं लागेल. खोटं लिहिलंत तर तो दुसरा गुन्हा."

"आणि माझ्या लेकीचं?" काकांनी विचारले. तिचे शिक्षण पूर्ण झाले होते. इस्पितळातल्या नोकरीसाठी तिची पोलिसांकडून चौकशी व्हायची होती. "माझ्यामुळे तिचं अडेल?"

"तिच्या चौकशीत तिने काय केलं ते बघतात. तुमचा गुन्हा तिच्या नावावर चढत नाही. पण आगाऊपणे कुणी विचारणारच नाही, अशी हमी मी देणार नाही."

"ती नोंद कधीतरी पुसता येते का?"

"कधी कधी अर्ज करता येतो, बऱ्याच वर्षांनी. मिळेलच असं नाही."

काकांनी ब्रश उचलून पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि लढलो, आणि हरलो तर?"

वकीलबाईंनी हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतले. "तर तुरुंग होऊ शकतो. वरच्या न्यायालयात जाता येईल. पण तुरुंग होऊ शकतो. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही."

"बाई, मी त्याला विचारलं नव्हतं हो. रोज विचारतो. त्याच दिवशी नाही विचारलं."

"न विचारणं हा फार तर निष्काळजीपणा झाला. माहीत असून मदत करणं हा गुन्हा. तुम्हाला माहीत होतं हे त्यांना सिद्ध करायचंय. काय करायचं ते मात्र तुम्ही ठरवायचं. मी नाही, आणि" त्यांनी भावाकडे पाहिले, "आणखी कुणी नाही."

त्या गेल्या. भाऊही गेला. काकू डबा उघडत होत्या आणि पुन्हा बंद करत होत्या.

"तुम्ही हो म्हणा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण मी केलं नाही."

"मला माहीत आहे तुम्ही केलं नाही. म्हणून तर सांगते. ज्यांनी केलं नाही त्यांचं ऐकून घेतातच असं कुठे आहे? टपरी गेली तर मी घरी शिवणकाम वाढवीन. पण तुम्हाला आत टाकलं तर? तुम्हाला रक्तदाबाच्या गोळ्या तिथे कोण देणार? मला तुम्ही घरात हवे आहात. नाव घेऊन मी काय करू? नावाशी बोलत बसू संध्याकाळी?"

मित्रांनो, मी दोघांच्या मध्ये होते आणि दोघांचेही मला पटत होते. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हे मला दात्यांवरून कळते. इथे मला काहीच कळत नव्हते. शेवटी काका म्हणाले, "बरं. म्हणतो हो." काकूंनी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

तारखेच्या दिवशी मला एका पोत्यात घालून न्यायालयात नेले. न्यायाधीशांच्या समोरच्या टेबलावर मला ठेवले. खोलीत पंखा कुरकुरत होता. बाकावर काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी लेक होती. काका कठड्याशी उभे होते. त्यांचा सदरा इस्त्रीचा होता आणि पाठीवर घामाने चिकटला होता.

न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला. मग विचारले, "तुम्हाला समजलं का?"

"हो, साहेब."

"गुन्हा कबूल आहे?"

काकांनी बाकाकडे पाहिले. काकूंनी हलकेच मान खाली केली, म्हणजे, हो म्हणा. काकांचे ओठ हलले. पंख्याच्या कुरकुरीत काही ऐकू आले नाही.

"मोठ्याने सांगा."

"नाही, साहेब," काका म्हणाले. "कबूल नाही."

काकूंची पिशवी मांडीवरून खाली पडली. ती उचलायलाही त्या वाकल्या नाहीत. नंतर नानांनी काकांना विचारले, ऐन वेळी ही हिंमत कुठून आली? काका म्हणाले, "हिंमत कसली? मी हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. बाहेर दुसरंच आलं. मीच घाबरलो ते ऐकून."

त्यानंतर कितीतरी तारखा पडल्या. काकू डबा आणून देत, पण टपरीत बसत नसत. डबा फळीवर ठेवायच्या आणि वळायच्या. काका "थांब जरा" म्हणत, तोवर त्या भाजीवाल्यापर्यंत पोहोचलेल्या असत. घरीही बोलणे कामापुरतेच उरले आहे, असे काका नानांना सांगत. काकांच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला. रस्त्यावर कुठे जीपचा ब्रेक लागला की त्यांचा हात जागच्या जागी थांबे आणि माझे चाक नुसतेच फिरत राही. मंडई कार्यालयाने परवाना निकाल लागेपर्यंत रोखून धरला. रोज सकाळी टपरी उघडताना काका आधी दोन्ही बाजूंना बघत, जणू स्वतःच्याच टपरीत चोरी करायला आले आहेत.

शेवटी साक्षी सुरू झाल्या. मला पुन्हा टेबलावर ठेवले. त्या तरुण ड्रायव्हरने स्वतःचा गुन्हा आधीच कबूल केला होता आणि आता तो सरकारच्या बाजूने साक्ष द्यायला आला होता. तो सरळ उभा राहून म्हणाला, "मी त्यांना सांगितलं होतं की घर माझं नाही. ते म्हणाले, चालेल."

मला त्याचा संताप आला. इतके सरळ खोटे मी कधी ऐकले नव्हते.

मग काकांची पाळी आली. सरकारी वकिलांनी विचारले, "तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारता, किल्ली कुठल्या दाराची. बरोबर?"

"हो."

"मग यालाच का नाही विचारलं? विचारायची गरज नव्हती म्हणून?"

काका अडखळले. "त्याच्या खांद्यावर पोर झोपलं होतं, साहेब. यंत्राचा आवाज मोठा. मला ते लवकर बंद करायचं होतं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसले. सरकारी वकीलही किंचित हसले. "पोर झोपलं होतं," ते म्हणाले आणि खाली बसले. पोलिसांच्या कागदात कुठेच पोर नव्हते. काका खरे बोलले होते आणि ते सबबीसारखे वाटले होते.

वकीलबाईंनी त्या तरुणाला पुन्हा बोलावण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी ती दिली. बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "किल्ली करायला गेलात तेव्हा तुमची मुलगी बरोबर होती?"

तरुणाने मान वर केली नाही. "तिचा काय संबंध?"

"होती का?"

"तिला यात आणू नका."

"मी आणत नाही. तुम्ही तिला घेऊन गेला होतात का, एवढंच सांगा."

तो कितीतरी वेळ कठड्याच्या लाकडावर अंगठ्याचे नख घासत राहिला. "तिची आई दवाखान्यात होती," तो शेवटी म्हणाला. "घरी ठेवायला कुणी नव्हतं. ताप होता तिला. कशीबशी झोपली होती."

"मग काका काय म्हणाले?"

"म्हणाले, हळू बोल, उठेल ती. तिला घेऊन पानवाल्याकडे जा म्हणाले." त्याने अंगठा थांबवला. "दुसरं काही नाही बोलले."

"घर तुमचं नाही, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं?"

"कधी सांगणार? मी तिथे थांबलोच नाही." आणि मग, कुणी न विचारता, "त्यांचं नाव घेतलं तर माझी शिक्षा कमी होईल असं मला वाटलं."

न्यायाधीश लिहीत राहिले. मी त्या तरुणाकडे पाहत होते. मघाशी मला त्याचा राग आला होता. आता राग कुठे ठेवावा ते समजेना.

निकालाच्या दिवशी काका निर्दोष सुटले. काका कठड्यातून उतरले आणि चुकीच्या दाराकडे चालू लागले. लेकीने त्यांना दंडाला धरून वळवले. काकू जागच्या उठल्या नाहीत. काका त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"तुम्ही माझं ऐकलं असतं तर आज दोषी असता," काकू म्हणाल्या.

"आणि हरलो असतो तर तुझं खरं ठरलं असतं."

"तेच तर," काकू म्हणाल्या, आणि इतके दिवस अडवून ठेवलेले रडू त्यांनी तिथेच, त्या बाकावर बसून, मोकळे केले.

माझ्यावरची मोहोर काढली. काकांनी मला नवे चाक बसवले. परवाना मिळाला. लेकीची चौकशी नीट पार पडली आणि ती इस्पितळात रुजू झाली. नाना जाणाऱ्या-येणाऱ्याला ओरडून सांगत, "सुटले हो काका! निर्दोष!" शेवटी काकाच म्हणाले, "नाना, पुरे. तुम्ही एवढं ओरडता की ज्यांना ठाऊक नव्हतं, तेही विचारायला लागलेत, कशातून सुटले?"

काकांच्या हाताचा कंप मात्र गेला नाही. म्हणून आता दुपारी मला काकू चालवतात. त्या टपरीतच बसतात. शिवणाऱ्या बाईचे बोट माझ्या पकडीवर फार नेमके पडते. काका शेजारी बसून गिऱ्हाइकांशी बोलतात. परवा ती भाडेकरूंवाली बाई आली. रस्ता न ओलांडता सरळ आली. किल्ली देताना म्हणाली, "मला कालच कळलं हो, तुम्ही सुटलात ते. सुटूनही दोन वर्षं झाली ना?"

"दोन," काका म्हणाले.

"आणि पकडून नेलं ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," असे म्हणून ती खाली बघू लागली. काकूंनी तिची किल्ली पकडीत बसवली.

मित्रांनो, मला जास्त काही मागायचे नाही. माझ्या चाकाच्या आसाला महिन्यातून एकदा तेल मिळाले तरी मी आणखी कित्येक वर्षे चालेन. माणसे लोखंडाची नसतात, त्यांना याहून जास्त लागते. तुमच्या गल्लीतल्या कुणाला पोलीस घेऊन गेले, तर तो चोरच असे लगेच म्हणू नका. न्यायालय काय म्हणते त्याची वाट पाहा. ज्याला खरोखर शिक्षा झाली, तोही ती भोगून आला की त्याला रस्ता ओलांडून टाळू नका, कारण त्याच्याही खांद्यावर कुणीतरी झोपलेले असते. आणि कुणी निर्दोष सुटला, तर पहिली बातमी ज्यांना ज्यांना सांगितली होती, त्यांच्या दारात जाऊन ही दुसरी बातमीही सांगा. त्याच संध्याकाळी सांगा.